वणवा, नरवाई आणि कढईतली आग: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

होळी झाली की आमच्या रविवारच्या फिरस्त्यांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात, कुणी सिमरोल घाटातून धुराचा फोटो टाकतं, कुणी विचारतं गॅसचा वास येतोय काय करू, आणि उत्तरं पुढच्या गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली गडप होतात. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आम्ही फायर ब्रिगेडवाले नाही, डोंगरात फिरणारी आणि घरी गॅसवर चहा करणारी साधी माणसं आहोत, त्यामुळे इथे जे आहे ते आपल्यासारख्यांनी करण्यापुरतंच आहे.

वणवे तर उत्तराखंडात लागतात ना? इंदूरला जंगल आहेच कुठे?

आहे की! तिंछा, चोरल, पातालपानी, जानापाव ही नावं आपण फक्त पावसाळ्यात धबधब्यासाठी घेतो, म्हणून ते जंगल आपल्याला हिरवंच आठवतं. एकदा मार्चमध्ये जाऊन बघा. माळव्याचं पठार जिथे संपतं आणि निमाडकडे घाट उतरायला लागतो तिथून सगळं पानझडी जंगल आहे, साग, धावडा, सालई, तेंदू, मोह, पळस. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे सगळं पान खाली येतं आणि सागाचं एक पान म्हणजे जेवायच्या पत्रावळीएवढं, वाळलं की पायाखाली पापडासारखं मोडतं. त्यावर एप्रिलची लू. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो तो याचमुळे.

रालामंडल तर शहराला चिकटूनच आहे, होळकरांच्या शिकारगाहची टेकडी, १९८९ पासून अभयारण्य. एका बाजूला बायपास आणि दुसऱ्या बाजूला कॉलन्या, म्हणजे तिथे आग लागली तर धूर थेट कुणाच्या तरी बाल्कनीत. आणि देशाचं बघायचं तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालात देशातल्या ३६ टक्क्यांहून जास्त जंगलाला वारंवार आगीचा धोका असल्याचं म्हटलंय, त्यात मध्य भारत चांगलाच येतो.

आजोबा म्हणायचे बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो. खरं का?

आजोबांशी वाद नको, पण आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने. विजेने आग लागते, कॅनडा-सायबेरियाकडे तर भरपूर लागते, पण आपल्याकडे वीज बहुतेक वेळा पाऊस घेऊनच येते.

माणसं आग का लावतात हे समजून घेतलं तर चिडचिड थोडी कमी होते. मोहाचं फूल पहाटे गळतं, फिकट पिवळसर, रसाळ, द्राक्षाएवढं. ते वाळक्या पानांच्या ढिगात पडलं तर एकेक शोधत बसावं लागतं, म्हणून झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन साफ करतात. फुलं वेचून माणूस घरी जातो आणि कडेला धुमसत राहिलेली आग दुपारच्या वाऱ्यावर पुढे निघते. तेंदूची कोवळी पानं चांगली फुटावीत म्हणून आग लावतात, गुरांना नवं गवत यावं म्हणून लावतात, मध काढायला पेटवलेली चूड तशीच टाकून देतात. यातलं कुणी जंगल जाळायला निघालेलं नसतं. मोहाला एक सोपा उपाय निघालाय, झाडाखाली जाळी बांधायची, फूल वरच्या वर जाळीत पडतं, माती लागत नाही म्हणून भावही बरा मिळतो आणि पाला जाळायची गरजच राहत नाही. जिथे जाळ्या पोचल्यात तिथे लोक वापरतात, कारण त्यात त्यांचाच फायदा आहे. नुसतं "आग लावू नका" असा बोर्ड ठोकून कुणाचं पोट भरत नाही.

आणि मग राहिलो आपण, पिकनिकवाले. त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न.

आम्ही दरवर्षी चोरलला जाऊन कंड्यांवर दाल-बाफले करतो. त्यात काय बिघडलं?

बाफल्यात काही बिघडलेलं नाही, बिघडतं ते निघताना. कंडे म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, त्यांचा जाळ बसतो, वर पांढरी राख येते आणि बघणाऱ्याला वाटतं विझलं. आतला गाभा मात्र कित्येक तास लाल राहतो, आपण बाफले भाजतोच त्या आतल्या आगीवर! मग कुणीतरी पायाने थोडी माती लोटतं, सगळे फोटो काढून गाडीत बसतात, आणि संध्याकाळी वारा सुटला की माती उडून निखारा उघडा पडतो. शेजारी सागाचं पान तयारच असतं.

विझवायची पद्धत अशी. आधी पाणी ओता, भरपूर, चुर्र आवाज पूर्ण बंद होईपर्यंत. मग काठीने सगळं उलथंपालथं करा, कंडे फोडा, खालची ओली राख वर आणा. परत पाणी. मग हाताची मागची बाजू राखेच्या जवळ आणा आणि धग लागतेय का बघा, लागली तर परत पाणी. नुसती माती टाकून बुजवू नका, त्याने आग झाकली जाते, आत धुमसतच राहते. एवढं पाणी सोबत नेलेलं नसेल तर चूल पेटवूच नका, घरून करून न्या. अभयारण्यात आणि राखीव जंगलात तर विचारच नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३० अभयारण्यात आग लावायला मनाई करतं आणि राखीव जंगलासाठी १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम २६ आहे.

सिगारेटच्या थोटकाने किंवा फुटक्या बाटलीच्या काचेने आग लागते का?

थोटूक बऱ्याचदा आपोआप विझतं, पण बारीक वाळकं गवत, दुपारचं ऊन आणि थोडा वारा असला की एकच पुरतं. बाटलीच्या काचेने भिंगासारखी आग लागणं फार क्वचित. दोन्ही परत घेऊन या, कचरा म्हणून तरी.

टीव्हीवर कॅलिफोर्नियात अख्खी गावं जळताना दिसतात. आपल्याकडे तसं होऊ शकतं का?

आपल्याकडची आग वेगळ्या जातीची आहे. तिकडे बऱ्याच ठिकाणी आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते, पाइनमध्ये राळ असते, ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीत तेल असतं, आणि मागून जोराचा कोरडा वारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव असंच जळालं, ८५ माणसं गेली आणि सुरुवात झाली होती विजेच्या लाइनपासून. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या आगींत १७३ माणसं गेली. अशा आगीत पेटती साल आणि निखारे वाऱ्याने लांब उडून पुढे नवी आग लावतात, त्यामुळे रस्ता किंवा नदी मध्ये आली तरी आग थांबेलच असं नाही.

आपल्या पानझडी जंगलात आग बहुतेक जमिनीवरून सरकते, पालापाचोळा आणि गवत खात. ज्वाळा बऱ्याचदा गुडघ्याएवढ्याच असतात. पण उंच वाळकं गवत किंवा घाणेरीची जाळी मध्ये आली की हीच आग माणसाच्या डोक्यावर जाते, आणि घाणेरी तर आता जिकडेतिकडे माजलीय. "आपली आग लहान" असं समजून कुणी निवांत राहू नये म्हणून सांगतो, तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला ट्रेकिंगला गेलेले लोक वणव्यात सापडले आणि वीसहून जास्त जणांचा जीव गेला. ती तुमच्या-माझ्यासारखीच वीकएंडला आलेली माणसं होती.

आग चढावर जास्त पळते म्हणतात, ते का?

आगीला तीन गोष्टी लागतात, जळायला काहीतरी, हवा आणि ताप. सपाटीवर ज्वाळा सरळ वर जाते आणि ताप आकाशात जातो. चढावर तीच ज्वाळा पुढच्या गवताच्या अगदी अंगावर वाकलेली असते, ते गवत आग पोचायच्या आधीच तापून कोरडंठाक होतं आणि मग भस्सकन पेटतं. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट, असा ठोकताळा ऑस्ट्रेलियातले फायरवाले वापरतात. त्यात दिवसा ऊन पडलं की वारासुद्धा दरीतून वर चढतो. आणि नाळ, म्हणजे दोन सोंडांमधली अरुंद घळ, तिथे तर धूर आणि गरम हवा धुराड्यातून गेल्यासारखी वर जाते. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला नाळेत असणं ही सगळ्यात वाईट जागा.

ट्रेकमध्ये धूर दिसला तर नेमकं काय करायचं?

हा प्रश्न नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

आधी थांबा आणि धूर कुठे झुकतोय ते बघा, तो झुकतो तिकडे आग येणार. मग आगीच्या वाटेतून आडवं निघा आणि जमेल तसं खाली उतरा. वर पळायची इच्छा होते कारण वर मोकळं दिसतं, पण चढावर धापा टाकत पळणाऱ्या माणसापेक्षा आग जोरात चढते. जायचं कुठे तर जिथे जळायला काही नाही तिथे: डांबरी रस्ता, कोरड्या नदीचं गोट्यांचं पात्र, नांगरलेलं शेत, मोठा उघडा खडक, किंवा आधीच जळून काळी झालेली जमीन. काळ्या जमिनीवर पाय ठेवायला लोक बिचकतात, पण तिथलं इंधन संपलेलं असतं, आग परत तिथे येऊन करणार काय? फक्त अर्धवट जळालेली उभी खोडं कोसळू शकतात, त्यांच्यापासून लांब राहा. धूर खूप असेल तर नाका-तोंडावर सुती कापड धरा आणि खाली वाकून चाला, खाली हवा बरी असते.

सगळे एकत्र राहा, वेगवान पोरांनी पुढे पळून जायचं नाही. ११२ ला फोन लावा आणि लोकेशन सांगा. रेंज घाटात येते-जाते, म्हणून निघण्याआधीच घरी कुणालातरी कुठल्या वाटेने जाणार ते सांगून ठेवत जा. आणि अगदीच अडकलात, म्हणजे सगळीकडून आग, तर जिथे गवत नाही असा खळगा शोधा, पालथे झोपा, तोंड जमिनीकडे, उघडी कातडी मातीने किंवा सुती कपड्याने झाका आणि आगीचा पट्टा वरून जाईपर्यंत उठू नका.

कपड्यांचं एक सांगायचंच राहिलं. ते चकचकीत ड्रायफिट टीशर्ट पोहे-जलेबी खायला घालून जा, मार्च ते जूनमध्ये जंगलात जाताना जाड सुती पूर्ण बाह्यांचं घाला. सिंथेटिक कापड तापलं की वितळून कातडीला चिकटतं.

गाडीत असलो आणि रस्त्यावर धूर आला तर?

धुरात घुसू नका, मागे वळता येत असेल तर वळा. आत सापडलातच तर काचा बंद, हेडलाइट चालू, एसीची बाहेरची हवा बंद, आणि जिथे कडेला झाडोरा नाही अशा जागी थांबा. इंधनाची टाकी सिनेमासारखी लगेच फुटत नाही. अशा वेळी बाहेर पळण्यापेक्षा गाडीत खाली वाकून बसणं जास्त सुरक्षित असतं, आगीचा मुख्य लोट बऱ्यापैकी लवकर पुढे निघून जातो.

मग आपण विझवायला मदत करायची नाही का? नुसतं बघत बसायचं?

बघत बसू नका, फोन करा, गावातल्यांना सांगा, मागून येणाऱ्या गाड्यांना थांबवा. विझवण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. आग चटईएवढी आहे, ज्वाळा गुडघ्याच्या खाली आहेत, तुमच्या मागे मोकळा रस्ता आहे आणि तुम्ही एकटे नाही, या चारही गोष्टी असतील तर हिरव्या पानांची फांदी तोडून आग आपटून विझवता येते. आपटताना फांदी उंच उचलून फटके मारू नका, ठिणग्या उडतात, दाबून आणि जळालेल्या बाजूकडे ओढून मारा. आणि कधीही आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, मागून सुरू करून कडेकडेने पुढे सरकायचं. चारातली एक जरी गोष्ट नसेल तर निघा.

वनविभागाचे लोक आणि गावातले फायर वॉचर हे काम रोज करतात, त्यांना वाटा माहीत असतात. ते हंगामाआधी जाळरेषा काढतात, म्हणजे पट्टा साफ करून ठेवतात की आग तिथे येऊन उपाशी मरावी. आता बऱ्याच ठिकाणी पाठीवरचे ब्लोअर आलेत, त्याने पाला उडवून दहा मिनिटांत पट्टा मोकळा होतो. कधी ते समोरून उलटी आग लावतात, मधलं इंधन संपवायला. ते बघून हुशारी करू नका, वारा फिरला की ती आग तुमचीच. ज्या गावकऱ्यांना जंगलात चराई-लाकडाचे हक्क आहेत त्यांच्यावर १९२७ च्या कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे आग विझवायला मदत करायचं बंधन आहे, आपल्या पिकनिकवाल्यांवर ते नाही, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका.

सॅटेलाइटवरून आग दिसते म्हणे, मग लोक लगेच पोचत का नाहीत?

दिसते. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहाच्या माहितीवरून राज्यांना आगीचे इशारे पाठवतंय. पूर्वी फक्त मोडिस नावाचा उपग्रहावरचा सेन्सर होता, त्याचा एक ठिपका म्हणजे साधारण एक किलोमीटरचा तुकडा, आता व्हीआयआयआरएस हा नवा सेन्सरही आहे, त्याचा ठिपका ३७५ मीटरचा. उपग्रह दिवसातून ठराविक वेळांनाच डोक्यावरून जातो, मधल्या वेळात लागलेली आग पुढच्या फेरीत दिसणार. छोटी धुमसणारी आग किंवा दाट झाडाखालची आग हुकते. आणि बीट गार्डच्या, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाच्या, मोबाइलवर मेसेज आला तरी त्याला घाटात चालतच जायचंय. म्हणून तुमचा फोन उपग्रहापेक्षा लवकर पोचतो. वन सर्वेक्षणाच्या पोर्टलवर सामान्य माणसालाही नाव नोंदवून आपल्या भागाचे इशारे घेता येतात, ज्यांचं शेत किंवा फार्महाउस जंगलाला लागून आहे त्यांनी जरूर घ्या.

आग जंगलासाठी चांगली असते असं वाचलंय. राख म्हणजे खत ना?

अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या लॉजपोल पाइनचे काही शंकू राळेने बंद असतात आणि आगीच्या तापानेच उघडतात, ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियाचंही तसंच. आपला साग, पळससुद्धा आगीला बरंच पुरून उरतात, जळाले तरी बुडातून परत फुटतात. अधूनमधून, खूप वर्षांनी एखादी हलकी आग आली तर जंगल सोसतं.

पण त्याच टेकडीवर दरवर्षी आग? मोठं झाड उभं राहतं म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही, पण खाली बघा, रोपं नाहीत. दोन-तीन वर्षांचं रोप दरवर्षी जळतं, म्हणजे आजची झाडं म्हातारी झाली की त्यांच्या जागी यायला कुणी नाही. तित्तर, लावे जमिनीवर अंडी घालतात, ती जातात. राखेचं खत म्हणावं तर पहिल्या वळवाच्या पावसात ती मातीसकट वाहून नाल्यात, कारण पाणी अडवणारा पालाच उरलेला नसतो. आणि घाणेरी मुळातून परत येते, आधीपेक्षा जोमाने. तेव्हा ते "आग चांगली असते" रील फॉरवर्ड करण्याआधी कुठल्या जंगलाबद्दल आहे ते बघा.

घारी आग लावतात, हे खरं का?

उत्तर ऑस्ट्रेलियात तिथले आदिवासी हे पूर्वापार सांगत आलेत की घारी पेटती काटकी उचलून पुढे टाकतात, म्हणजे किडे-उंदीर बाहेर येतात, आणि २०१७ मध्ये संशोधकांनी अशा पाहिल्याच्या नोंदी एकत्र छापल्या. आपल्या रालामंडलच्या घारींवर कृपया आळ घेऊ नका.

एप्रिलमध्ये देपालपूर, सांवेरकडे रात्री शेतं जळताना दिसतात, तो वणवा असतो का?

ती नरवाई. हार्वेस्टर गहू वरून कापतो आणि खाली वीतभर-दोन वीत खुंट उभे राहतात, ते जाळून शेत साफ करतात. वाऱ्याने ही आग शेजारच्या उभ्या गव्हात, पाइपांमध्ये, कडेच्या झाडांत आणि शेवटी जंगलात जाते. मध्य प्रदेशात यावर दंड आहे, २ एकरापर्यंत २,५०० रुपये, २ ते ५ एकर ५,००० आणि त्यावर १५,०००. शिवाय २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे आणि हमीभावाने खरेदी मिळणार नाही.

शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मशीनला डिझेल लागतं आणि काडीपेटी नाममात्र पैशांत येते. पण माळव्यात मला एक गोष्ट कळत नाही. नर्मदेकडे गव्हानंतर लगेच उन्हाळी मूग घ्यायचा असतो म्हणून घाई समजू शकते, आपल्याकडे बहुतेक शेतात पुढचं पीक सोयाबीन, ते पाऊस पडल्यावर जूनमध्ये. मधे दोन महिने रान रिकामं. तेवढ्यात स्ट्रॉ रीपरने भुसा करून विकता येतो, गुरांना लागतोच, किंवा रोटाव्हेटर फिरवता येतो. ज्यांच्या गावी शेती आहे त्यांनी हे काकांना, मामांना जरा गोडीने सांगून बघा.

कॉलनीतला पाला जाळला तर एवढं काय?

निगमची गाडी रोज दारात येते हो! ओला पाला धुमसला की तो धूर दम्याच्या माणसाला दिवसभर छळतो, वर इंटरनेटच्या केबली, खाली गाड्या, आणि दंड वेगळा. बागेत खड्डा करून कुजवा.

गल्लीतली होळी कुठे करावी?

विजेच्या तारा, झाड, गाड्या आणि गॅसची पाइपलाइन यांच्यापासून लांब, रस्त्याच्या मधोमध सुद्धा नको कारण फायरची गाडी अडते. शेजारी वाळूच्या बादल्या आणि पाण्याचा नळ. लहान आणि कंड्यांची केलेली बरी.

कढईतल्या तेलाला आग लागली तर?

घरातल्या आगीत हा नंबर एक प्रश्न. पाणी टाकायचं नाही. परत लिहितो, पाणी टाकायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे एका क्षणात वाफ होतं, वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते आणि जळतं तेल उडवून छतापर्यंत नेते. गॅस बंद करा, कढईवर कडेने सरकवत मोठं झाकण किंवा परात घाला आणि ती तशीच राहू द्या. दोन मिनिटांनी उत्सुकता म्हणून झाकण उघडलंत तर हवा मिळून परत पेटते, चांगली गार होऊ द्या. कढई उचलून मोरीकडे पळणारे लोक असतात, तेच सगळ्यात जास्त भाजतात. आणि आजी म्हणेल पीठ टाक, तर नको, पिठाचा भपका स्वतःच पेटतो.

गॅसचा वास येतोय, पंखा लावू का?

पंखा, लाइट, बेल, काहीच चालूही नको आणि बंदही नको, बटणात ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून वरच्या खिडकीइतकंच खालचं दार उघडणं महत्त्वाचं. बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन, ही गॅस गळतीची हेल्पलाइन आहे. गळती शोधायला काडी पेटवायची नाही, साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात. रबराची नळी शेवटची कधी बदलली ते आठवत नसेल तर बदला.

घरासाठी फायर एक्स्टिंग्विशर कोणता घ्यावा?

एबीसी पावडरचा, २ किंवा ४ किलोचा, बाटलीवर आयएसआय खूण बघून. लाकूड-कापड, पेट्रोल, गॅस, विजेची आग या सगळ्यांना चालतो. स्वयंपाकघराच्या आत नको, दाराजवळ लावा, म्हणजे आगीतून हात घालावा लागत नाही. वापरताना पिन ओढा, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही तर बुडाशी रोखा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. दोन किलोची बाटली ८-१० सेकंदांत रिकामी होते, म्हणून तुमची पाठ कायम दाराकडे हवी. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का बघत जा. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत भिंतीवर छान लाल बाटल्या आहेत आणि सगळ्यांचे काटे शून्यावर, सेक्रेटरी म्हणतात इन्स्पेक्शनला दिसायला पाहिजेत म्हणून ठेवल्यात!

ई-स्कूटर रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावतो, चालेल ना?

जिना हीच तुमची बाहेर पडायची वाट, तिथे नको. लिथियम बॅटरी पेटली की आतूनच ताप वाढत जातो, धूर विषारी असतो आणि विझल्यासारखी वाटून परत पेटते. मोकळ्या जागी, कंपनीच्याच चार्जरने, सगळे झोपलेले नसताना.

आमचं घर जुनं आहे, लाकडी माळ्याचं. वेगळी काळजी?

हो. राजवाडा बघितलाय ना, खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी, १९८४ च्या दंगलीत आग लागली तेव्हा लाकूडकाम गेलं आणि दगड उभा राहिला. जुन्या इंदूरच्या वाड्यांत वायरिंग लाकडी पट्टीवरून गेलेलं असतं आणि त्यावर आता एसी, गिझर, इंडक्शन. एकदा इलेक्ट्रिशियन बोलवून एमसीबी आणि ईएलसीबी (लोड वाढला किंवा करंट गळला की आपोआप वीज तोडणारे स्विच) बसवून घ्या, माळ्यावरची रद्दी काढा, देवघरातली समई रात्री झोपताना शांत करा.

आग लागलीच तर कागदपत्रं, दागिने घ्यायला परत जायचं नाही, खोलीचं दार लावून बाहेर पडायचं, दार लावल्याने आग बराच वेळ अडते. धूर असेल तर गुडघ्यांवर, रांगत. लिफ्ट नाही. कपड्यांना आग लागली तर पळायचं नाही, तिथेच जमिनीवर लोळायचं.

भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, तूप?

काहीच नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून, बर्फ नको. अंगठी-बांगड्या लगेच काढा, नंतर सूज येते. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि चेहरा, हात, सांधे किंवा तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल तर थेट दवाखाना.

फोन कुणाला, आणि काय सांगायचं?

आग १०१, काहीही इमर्जन्सी ११२, अँब्युलन्स १०८, गॅस १९०६. आधी जागा सांगा, कारण फोन कटला तर तेवढं तरी पोचलेलं असतं. "सिमरोल घाटात" एवढं पुरत नाही, किलोमीटरचा दगड, जवळचं मंदिर किंवा ढाबा, खंडवा रोडच्या कुठल्या हाताला. मग काय जळतंय, कुणी अडकलंय का, गाडी कुठून आत येईल. नंतर फोन व्हिडिओ काढण्यात गुंतवू नका, फायरवाला वाट विचारायला त्याच नंबरवर परत फोन करतो.